सॉल्व्हर आणि पायथन यांची जुळणी

लिनियर प्रोग्रॅमिंग या नावातल्या ‘प्रोग्रॅमिंग’चा संगणकाशी मुळात संबंध नाही. अमेरिकी हवाई दलाच्या भाषेत ‘प्रोग्रॅम’ म्हणजे प्रशिक्षण, रसद आणि तैनाती यांची आखणी. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धत शोधली ती अशाच आखणीसाठी. आज हे काम संगणकाशिवाय होत नाही, आणि नव्याने ते करू पाहणाऱ्याचा पहिला दिवस गणितात कमी आणि सॉफ्टवेअरच्या जुळणीत जास्त जातो.

जुळणी दोन भागांची असते. एका भागात प्रश्न मांडायचा: चल कोणते, बंधने कोणती, काय वाढवायचे किंवा काय कमी करायचे. पायथनमधील पल्प आणि पायोमो ही मांडणीची साधने. उत्तर काढण्याचे काम दुसऱ्या भागाचे, त्याला सॉल्व्हर म्हणतात. ग्युरोबी आणि सीप्लेक्स हे विकतचे सॉल्व्हर. जीएलपीके, सीबीसी आणि एडिनबरा विद्यापीठात घडलेला हाइज हे मोफत. बहुतेक मोठ्या सॉल्व्हरमध्ये सिम्प्लेक्सच्या जोडीला अंतर्बिंदू पद्धतही असते. तिच्या आजच्या प्रसाराची सुरुवात झाली ती आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांच्या १९८४ सालच्या शोधनिबंधापासून. तेव्हा ते बेल लॅब्जमध्ये होते.

मांडणी करणारे साधन बसवले म्हणजे सॉल्व्हरही आला, असे समजणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. पायोमो पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजे उतरवणाऱ्या साधनाने, उतरवून घेतले तरी जीएलपीके त्यासोबत येत नाही. तो वेगळा बसवावा लागतो, आणि त्याची ‘जीएलपीसोल’ नावाची फाइल ज्या फोल्डरमध्ये असेल त्याचा पत्ता संगणकाच्या ‘पाथ’ या यादीत असावा लागतो. नसेल तर पायोमो सॉल्व्हरची फाइल सापडत नसल्याची तक्रार करून थांबतो. पत्ता घातल्यावरही तीच तक्रार आली, तर बहुधा टर्मिनल बंद करून पुन्हा उघडायचे राहिलेले असते. चालू प्रोग्रॅम सुरू होताना वाचलेली जुनी यादीच धरून बसतो. हाइजचे बरे आहे. त्याचे पायथन पॅकेज पिपने आले की सॉल्व्हर त्यातच असतो. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

दुसरा घोळ पायथनचाच. एका संगणकावर दोन-तीन पायथन सहज असतात. पॅकेज एकात बसते आणि एडिटर प्रोग्रॅम चालवतो दुसऱ्यात. म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरता स्वतंत्र पायथन, करून एडिटरला तेच निवडायला सांगणे चांगले. विकतच्या सॉल्व्हरला याशिवाय लायसन्स लागते. पिपने आलेल्या ग्युरोबीसोबत मर्यादित लायसन्स असते, २००० चल आणि २००० रेषीय बंधने एवढ्यापुरते. शिकायला ते पुरते, पण कारखान्याचे वेळापत्रक बसवायला नाही.

सगळे बसले की आधी हाताने सुटणारे गणित घालून पाहावे. समजा, एका फरसाणवाल्याला किलोमागे चिवड्यात ३० रुपये सुटतात आणि शेवेत ४०. एक किलो चिवड्याला १०० मिलिलिटर तेल आणि २० मिनिटे लागतात. एक किलो शेवेला ३०० मिलिलिटर तेल आणि १० मिनिटे. तेल आहे ६ लिटर, वेळ ४०० मिनिटे. नुसती शेव केली तर तेल २० किलोवर संपते आणि हाती ८०० रुपये येतात. नुसता चिवडा केला तर वेळ २० किलोवर संपतो, आणि येतात ६०० रुपये. दोन्ही गोष्टी पुरेपूर वापरल्या तर १२ किलो चिवडा, १६ किलो शेव आणि १००० रुपये नफा. सॉल्व्हरने हेच उत्तर दिले पाहिजे.

पल्पमध्ये हे गणित घातल्यावर उत्तर शून्य किलो, शून्य किलो असे आले, तर बिघाड सॉल्व्हरमध्ये नाही. वेगळे काही सांगितले नाही तर पल्प कमीत कमी मूल्य शोधतो, आणि कमीत कमी नफा हवा असेल तर दुकान बंद ठेवणेच उत्तम! सायपाय या पायथनच्या पॅकेजमधील लिनप्रॉग तर फक्त कमी करणेच जाणतो. तिथे नफ्याचे आकडे उणे करून द्यावे लागतात आणि उत्तर उणे १००० येते. चलांच्या किमान मर्यादेबाबतही साधनांचे एकमत नाही. ग्युरोबी न सांगता शून्य धरतो, पायोमो काहीच धरत नाही, आणि तिथे उणे किलो चिवडा तळला जाऊ शकतो.

उत्तर वाचण्याआधी सॉल्व्हरने दिलेली स्थिती तपासावी. बंधने एकमेकांत बसत नसतील किंवा वेळ संपून शोध अर्धवट थांबला असेल, तरी चलांच्या जागी काही आकडे असू शकतात, आणि ते दिसायला नेहमीसारखेच असतात. पूर्णांकी चलांना आणखी एक जपणूक लागते. सॉल्व्हर १५.९९९९९९ ला १६ मानतो, पण पायथनचे ‘इंट’ दशांश चिन्हापुढचे सगळे छाटून १५ करते. सोळा गाड्यांच्या जागी पंधराच पाठवल्या जातात. तिथे आधी ‘राउंड’ वापरावे.