रोप घेण्याआधी त्याची आई बघा

पाऊस पडला की गटाच्या बैठकीत डाळिंबाच्या रोपांचा विषय निघतोच. कर्ज किती, हप्ता कसा, यावर आपण तासभर बोलतो. रोप कशापासून केलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. "भगवाच आहे ना, मग झालं!"

भगवाचं बी लावलं तर भगवाच येईल असं नाही. बियांची झाडं एकासारखी एक निघत नाहीत, फळालाही उशीर करतात. म्हणून गुटी बांधतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, मुळं फुटायचं संजीवक लावायचं, ओलं शेवाळ ठेवून वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात आत मुळं दिसतात. पांढरी असताना घाई नको. तपकिरी झाली की फांदी कापून पिशवीत लावायची आणि सावलीत ठेवायची. रोपवाटिकेत मजुरीला जाणाऱ्या कितीतरी जणींच्या हातात हे कसब आहे.

गुटीचं रोप म्हणजे आईचीच फांदी. फळ आईसारखं, आणि दोन-अडीच वर्षांत बहार धरता येतो. पण आईला तेल्या असेल तर तोही रोपाबरोबर आपल्या रानात येतो. रोप हिरवंगार दिसतं, तिथंच फसगत होते. मर रोग तर पिशवीतल्या मातीतूनही येतो.

आता मुळांचं. बांधावरच्या गावठी बोरीवर उमराणचा डोळा भरतात, तेव्हा खाली खोल गेलेलं मूळ गावठीच राहतं. दुष्काळात ते तगतं. तासगावकडची द्राक्षं डॉगरिजच्या खुंटावर असतात. सफरचंदाचं झाड बुटक्या खुंटावर बांधलं तर बुटकं राहतं आणि लवकर फळतं. आपलं डाळिंब मात्र बहुतेक स्वतःच्याच मुळांवर उभं असतं, आणि गुटीला सोटमूळ नसतं. टेंभूचं पाणी आलं म्हणून पाटानं भरमसाट सोडू नका. साचलेल्या ओलीत मर बळावते. ठिबकच बरं.

उतीसंवर्धित रोप महाग पडतं, पण निरोगी मिळतं. शेजारच्या बागेत तेल्या असेल तर तेही पुढं सुटत नाही, म्हणून नुसत्या नावावर जादा पैसे मोजू नयेत असं माझं मत.

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शंका तिथं विचारता येतात. आणि रोपवाटिकेत गेलात की आधी म्हणा, "दादा, मातृवृक्ष दाखवा." टाळाटाळ केली तर विसार देऊ नका.