खूण फसवी असावी, खोटी नसावी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण रांगोळीची व पाककृतींची स्पर्धा घेतो. यंदा शब्दकोड्याचीही घ्यावी असे कार्यकारिणीने ठरविले आणि त्याविषयी चार शब्द बोलावयास मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दुपारची आवराआवर झाली की कोडी सोडविण्याची, आणि पुढे पुढे ती रचण्याचीही गोडी मला लागली, त्या बळावर उभी आहे. माझे म्हणणे एवढेच, की स्पर्धा कोडे सोडविण्याची न घेता खुणा रचण्याची घ्यावी. आडव्या-उभ्या शब्दांसाठी कोड्याखाली जी ओळ छापतात, तिला मी खूण म्हणते.

पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेत 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आले. ते आर्थर विन यांनी रचले होते. साध्या कोड्यात खूण सरळ अर्थ सांगते. 'नवऱ्याचे घर' म्हटले की सासर. गूढ कोड्याची तऱ्हा निराळी. तिथे एकाच ओळीत दोन वाटा असतात, एक अर्थाची व एक अक्षरांची, आणि दोन्ही एकाच शब्दापाशी येऊन मिळतात. हीच खूण अशी करता येईल:

'पहिल्या सुरामागे मोत्यांची माळ. तिथे नांदते लेक (३)'

पहिला सूर सा, मोत्यांची माळ म्हणजे सर, झाले सासर. कंसातला आकडा घरांचा. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार अक्षराबरोबर एकाच घरात बसतात, जोडाक्षरालाही एकच घर.

आता माहेर घ्या. 'मायेचा आरंभ, मागे हळूच बातमी काढणारा. दिवाळीला लेक येते ती जागा (३)'. मायेचे पहिले अक्षर मा, बातमी काढणारा हेर. ओळ वाचताना मात्र लेकीची खुशाली आडून आडून विचारणारा बाप डोळ्यांपुढे येतो. वरवर असे चित्र दिसले म्हणजे खूण साधली.

आणखी काही तऱ्हा सांगते. दोन अर्थांची: 'मुंडावळ्या बांधून उभा, देवापाशी मागितलेला (२)', म्हणजे वर. लपविलेली: 'आज वळणावर नीट आत पाहा, लांब नाही (३)'. 'आज वळणावर' या अक्षरांच्या पोटातच 'जवळ' आहे. आणि उलटी: 'रवा उलटा चाळला, दिवस निघाला (२)'. र-वा उलटे केले की वार. ही उलटी तऱ्हा आपल्याला नवी नाही. वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणता म्हणता रामनाम घेतले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे.

मराठीत एक अडचण आहे, ती ध्यानात ठेवावी. विभक्ती लागली की शब्द बदलतो. 'रव्याला उलटे केले' असे लिहिले तर वार निघत नाही, कारण रव्या उलटला की 'व्यार' होतो. म्हणून ज्या शब्दाशी खेळावयाचे तो मूळ रूपातच राहील असे वाक्य जुळवावे. अर्थ ओळीच्या आरंभी किंवा शेवटी पुरता द्यावा, मध्येच दडवू नये. आणि उगाच भरतीचा शब्द घालू नये. आमटीत जसे हिंग चालते पण खडा चालत नाही, तसेच हे.

अशा खुणा रचण्याच्या स्पर्धा इंग्लंडात फार दिवस चालत आल्या आहेत. लंडनला दर रविवारी निघणाऱ्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून टॉर्केमाडा, १९३९ पासून झिमेनीझ व १९७२ पासून आझेद अशा टोपणनावांनी कोडी आली. ही नावे स्पेनच्या जुन्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची. आझेद हे तर देझा हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे केलेले. कोड्यातल्या एका शब्दाचा नुसता सरळ अर्थ दिलेला असे, त्याला गूढ खूण वाचकांनी रचून पाठवावयाची. परीक्षक निकालाच्या पत्रकात कोणती खूण का उतरली आणि कोणती का फसली, तेही लिहीत.

आपल्याकडे मात्र शब्दकोड्याचे नाव एका काळी बिघडले होते. मोठ्या बक्षिसांच्या कोड्यांत 'संसारात –न हवे' अशी खूण असावयाची. कोणी धन भरी, कोणी मन भरी. दोन्ही बरोबरच, पण उत्तर आधीच पाकिटात बंद! पैसे भरून नुसते नशीब पाहावयाचे. अखेर १९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला एक हजार रुपयांवर बक्षिसे देण्यास बंदी केली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा कायदा नशिबाच्या स्पर्धांना लागू आहे, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही. मला यातला भेद मोठा वाटतो. चांगली खूण वाचणाऱ्याला चकविते, पण उत्तर एकच ठेवते, आणि ते कळले की 'हो, हेच!' असे त्याच्या तोंडून निघते. धन-मनाची खूण उत्तर कळल्यावरही पटत नाही.

म्हणून म्हणते, आपण सर्वांना एकच शब्द द्यावा, तोही घरातला: पाट, परात, उंबरा असा. प्रत्येकीने चिठ्ठीवर खूण लिहावी, नाव घालू नये, नुसता क्रमांक घालावा. कोणती बाई कोणाची सून, किती शिकलेली, हे परीक्षकांना कळावयाचे कारण नाही. सोडविण्याच्या स्पर्धेत ज्यांच्याजवळ शब्दकोश किंवा शिकलेली मुले, त्या पुढे जातील. रचण्याच्या स्पर्धेत तसे नाही. दळताना, निवडताना, पंक्तीत वाढताना कानावरून गेलेले शब्द हेच तिथले भांडवल, आणि ते आपणा प्रत्येकीजवळ आहे. निकालाच्या दिवशी परीक्षकांनी प्रत्येक खुणेतले बरेवाईट सर्वांदेखत समजावून सांगावे. बक्षीस एकीलाच मिळेल, पण शिकून सगळ्याच जातील.

काही भगिनी मला म्हणाल्या, 'आम्हांला कसे जमणार?' लग्नात उंबऱ्यावर अडविल्याबरोबर ज्या बाईने उखाण्यात नवऱ्याचे नाव गुंफले, तिने हा प्रश्न विचारू नये.

पुढच्या सभेपर्यंत 'परात' या शब्दावर एकेक खूण प्रत्येकीने करून आणावी, अशी माझी विनंती आहे.