हात घालण्याआधी कारण सांगा!
(कामगारांच्या सभेतील भाषण)



आम्ही साच्यावर उभी राहिलेली माणसं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण खात्यात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आम्ही इथं वकिली करायला उभे नाही. पण ज्या कायद्याच्या नावानं शिपाई आपल्या मानगुटीवर हात टाकतो, तो कायदा कुठून आला आणि तो जन्मला त्या विलायतेत त्याचे नियम काय आहेत, हे कामगाराला ठाऊक पाहिजे.

कोणी म्हणेल, साहेब १९४७ साली गेला, त्याच्या कायद्याशी आता आपल्याला काय करायचं? करायचं आहे, बाबांनो! मेकॉलेसाहेबाच्या कमिशननं १८३७ साली पीनल कोडाचा मसुदा केला. तो १८६० साली पास झाला, आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत त्याच्यावरच आपल्याकडं खटले चालले. नाव नवं आलं, पण सूत बरंचसं जुन्याच कापसाचं आहे.

आधी गुन्हा म्हणजे काय ते बघू. चोरीच घ्या. विलायतेत १९६८ सालचा चोरीचा कायदा आहे. त्याच्यात पाच धागे आहेत. वस्तू घेतली पाहिजे, ती मालमत्ता असली पाहिजे, ती दुसऱ्याची असली पाहिजे, घेणाऱ्याची नियत खोटी पाहिजे, आणि ती मालकाला कायमची परत न देण्याचा इरादा पाहिजे. पाचातला एक धागा तुटला, की चोरीचा तागा विणलाच जात नाही. पाळी सुटताना एखाद्याच्या खिशात चुकून बॉबिन राहिली, तर त्या कायद्यानं तो चोर नव्हे, कारण खोटी नियत नाही. चोरी शाबीत झाली तर मात्र सात वर्षांपर्यंत कैद. चोरी करताना मारहाण केली किंवा मारण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी, आणि तिला जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

आता मारामारी. तिचा कायदा १८६१ सालचा, तो अजून चालू आहे. अंगाला बोट न लावता नुसता हात उगारला आणि समोरच्याला वाटलं की आता बसतो तडाखा, तरी तो गुन्हा होतो. खरी इजा झाली तर पाच वर्षांपर्यंत, आणि जबर इजा करायचीच म्हणून केली तर जन्मठेपेपर्यंत. खुनाला जन्मठेप ठरलेलीच. खुनाबद्दल फाशी तिथं १९६५ साली थांबली. पण स्वतःला वाचवण्यासाठी जरुरीपुरतं बळ वापरलं, तर तो गुन्हा नाही.

आणि दंगल? हा शब्द कामगाराच्या कानाला फार ओळखीचा! विलायतेत १९८६ सालच्या कायद्यानं दंगलीला निदान बारा माणसं लागतात. पण नुसती बारा डोकी जमली म्हणून दंगल होत नाही. त्यांनी एका हेतूनं हिंसा केली पाहिजे किंवा तिची धमकी दिली पाहिजे, आणि तीही अशी, की धीराच्या माणसालाही आपल्या जिवाची भीती वाटावी. त्यातही दोषी कोण? ज्यानं स्वतः हिंसा केली तो. बाजूला झेंडा घेऊन गप उभा राहिलेला नव्हे.

आता पोलिसाकडं वळू. इथं एक गोष्ट सांगतो, ती आपल्याच मालाची आहे. कापडाच्या एका गाठीची! १९४२ साली लिव्हरपूल शहरात लीचिन्स्की नावाच्या व्यापाऱ्याला दोन पोलिसांनी वॉरंटाशिवाय धरलं. त्यांचा खरा संशय होता, की त्याच्याकडची गाठ लेस्टरहून चोरीला गेलेली आहे. पण कारण सांगितलं दुसरंच, शहराच्या एका स्थानिक कायद्याचं, आणि त्या कायद्यानं त्याला तसं धरताच येत नव्हतं. व्यापारी उलट पोलिसांवरच कोर्टात गेला. भांडण थेट लॉर्डांच्या सभेपर्यंत पोचलं. १९४७ साली निकाल लागला, की धरायचं तर खरं कारण सांगा; कारण लपवून धरलं तर ती अटक बेकायदा. चोरीचा आळ असलेल्या माणसालाही हा हक्क मिळाला, हे ध्यानात घ्या.

हाच नियम १९८४ सालच्या पोलिस कायद्यात लिहिला गेला. रस्त्यात झडती घ्यायची तर शिपायाला पटण्याजोगा संशय पाहिजे. नुसता चेहरा, रंग, कपडा बघून चालत नाही. आधी त्यानं स्वतःचं नाव, ठाणं, काय शोधतो आणि का शोधतो हे सांगायचं. चारचौघांत कोट, जाकीट आणि हातमोजे एवढंच काढायला लावता येतं. मात्र १९९४ सालच्या कायद्यानं एक चोरवाट ठेवलेली आहे. हिंसेची धास्ती दाखवून वरचा अंमलदार एखादा भाग ठराविक वेळेपुरता जाहीर करतो, मग तिथं संशयाशिवायही झडती चालते.

ठाण्यात नेल्यावर माणसाला फुकट वकील मिळतो. आपल्या माणसाला निरोप पोचवण्याचा हक्क मिळतो. गप्प बसता येतं. पण १९९४ पासून त्यात एक गाठ मारून ठेवली आहे. जी गोष्ट तेव्हा सांगितली नाही ती पुढं बचावासाठी कोर्टात सांगितली, तर तुमच्या गप्प बसण्याचा उलटा अर्थ काढता येतो. आरोप न ठेवता साधारणपणे २४ तास ठेवता येतं. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अंमलदाराच्या हुकमानं ३६, आणि कोर्टाच्या परवानगीनं जास्तीत जास्त ९६ तास. दहशतवादाच्या संशयावर मात्र चौदा दिवसांपर्यंत.

मंडळी, हे ऐकून विलायतेत रामराज्य आहे असं समजू नका! १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या मैदानात मताचा हक्क मागायला लोक जमले. त्यात सूत कातणारे आणि कापड विणणारे किती तरी. घोडेस्वारांनी तलवारी उपसून त्यांना तुडवलं. बाया मेल्या, एक पोरही मेलं. आणि सरकारनं पुढं काय केलं? सभांवरच जास्त कडक कायदे आणले. १९८४ साली, म्हणजे तो पोलिस कायदा झाला त्याच साली, ऑर्ग्रीव्हला संपावरच्या खाणकामगारांवर घोडे घातले आणि ९५ जणांवर दंगलीसारखे आरोप ठेवले. १९८५ साली खटला कोसळला, कारण पोलिसांच्या जबान्यांत वाक्यंच्या वाक्यं एकसारखी निघाली. एकाच साच्यावरचं कापड! १९९१ साली ३९ जणांना सव्वाचार लाख पौंड भरपाई द्यावी लागली.

ह्यातून आम्ही काय घेतो? कायदा आपण होऊन कोणाच्या मदतीला धावत नाही. तो माहीत असलेला माणूस आणि त्याच्यामागं उभी राहिलेली संघटना, ही दोन्ही असली तरच तो हलतो. आपल्या घटनेच्या २२व्या कलमातही लिहिलेलं आहे, की धरलेल्याला कारण सांगा, वकील घेऊ द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. प्रतिबंधक स्थानबद्धतेला त्याच कलमात सूट आहे, तेव्हा तिथं जास्तच सावध राहा.

म्हणून सांगतो, कोणाला धरलं तर आरडाओरडा करू नका, शिपायाच्या अंगावर जाऊ नका. त्यानं नवा गुन्हा आयता मिळतो. शांतपणे विचारा, कशासाठी धरलं? कोणत्या कलमाखाली? कुठल्या ठाण्यात नेता? वेळ लिहून ठेवा, शिपायाचं नाव लिहून ठेवा, आणि एकानं वकिलाकडं धाव घ्या. हे तीन प्रश्न आज घरी जाऊन बायकोला, पोरांना पाठ करून घ्या. धरलेला माणूस एकटा असतो. त्याच्या मागं विचारणारे शंभर आहेत हे ठाण्याला कळलं, की त्याच्या अंगाला हात लावायला दहा वेळा विचार करावा लागतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!