निळी रेषा आणि आपण

(२५ जानेवारी २०२६ रोजी सांगली येथे झालेल्या, १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आयटीतल्या करिअरवर बोलायला सांगितलं होतं. लिहायला बसले, तर दोन ओळींपुढे गाडी सरकेना. म्हणून विषय बदलतेय. निबंधात विषय सोडला की बाई गुण कापायच्या, आजही कापाव्यात.

दहा दिवसांपूर्वी महापालिकेचं मतदान झालं. पुण्यात माझ्या प्रभागात मला चार मतं द्यायची होती. खरं सांगते, त्यातल्या दोन उमेदवारांची नावं मी पहिल्यांदा मतदान यंत्रावरच वाचली. पुण्यात मार्च २०२२ पासून आणि इथे सांगलीत ऑगस्ट २०२३ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. एवढ्या काळात आपल्या ग्रुपवर त्याबद्दल एक मेसेज आला नाही. दिल्लीच्या राजकारणावरून मात्र २०२४ मध्ये आपण असे भांडलो, की तिघं ग्रुप सोडून गेले. ते तिघं आज समोर बसलेत, याचा आनंद आहे.

मी यात कुणाला नावं ठेवत नाही. मीही तशीच होते. माझे डोळे उघडले ते ऑगस्ट २०१९ मध्ये.

त्या आठवड्यात आमचं एक रिलीज होतं. सोमवारी बाबांचा फोन आला, "पाणी वाढतंय." इथली माणसं अशा वेळी एकच विचारतात, तेच मी विचारलं, "आयर्विन पुलाजवळ किती?" चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. बाबा म्हणाले, "तू काम कर. आपल्याकडं नाही यायचं." मला तेच ऐकायचं होतं. सोमवारी निघाले असते तर पोचले असते. मी शुक्रवारी रिलीज संपवून निघायचं ठरवलं. बुधवारी रस्ते बंद झाले.

गुरुवारी ब्रह्मनाळला नाव उलटल्याची बातमी आली. त्याच दुपारी माझे आईबाबा गच्चीवर होते आणि त्यांना न्यायलाही नावच येणार होती. बाबांचा फोन बंद पडला होता. चार तास मी स्क्रीनसमोर बसून होते. समोर काय चाललं होतं, आजही आठवत नाही. संध्याकाळी आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा फोन आला, "काका-काकू माझ्या घरी आहेत. चहा पितायत." तो सांगलीतच राहिला, हार्डवेअरचं दुकान चालवतो. राजकारणावरून ग्रुपवर माझं सगळ्यात जास्त भांडण त्याच्याशीच झालेलं आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

पूर ओसरल्यावर घर साफ करायला गेले, तेव्हा धरणं, सरकार, अधिकारी, सगळ्यांवर चिडले होते. मित्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं घर ओतावर आहे, हे माहीत आहे ना? भराव घालताना सिमेंट माझ्याच दुकानातून गेलंय." बाहेरगावच्यांसाठी सांगते. ओत म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे जायची नैसर्गिक वाट. नदीला पूर आला की त्याच वाटेने पाणी उलटं गावात शिरतं.

तो प्लॉट आम्ही २००८ साली घेतला. गुंठेवारीतला होता, स्वस्त होता. स्वस्त का, हे कुणी विचारलं नाही. तीनच वर्षांपूर्वी, २००५ च्या पुरात, तिथे पाणी उभं होतं. कर्ज माझ्या नावावर होतं. इंजिनिअर मुलगी असून मी पूररेषेचा नकाशा मागितला नाही. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. आमचं घर निळ्या रेषेच्या आत आहे. हे मला घर बांधून अकरा वर्षांनी कळलं.

आमच्या कामात एखादी सिस्टीम बंद पडली, की आम्ही मूळ कारण शोधतो. 'कोणी केलं' हे बाजूला ठेवून 'हे घडू शकलं कसं' असं विचारतो. तसं बघितलं तर सांगलीच्या पुराला एक कारण नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस थोड्या दिवसांत एकदम कोसळण्याची शक्यता वाढते. तो भाग जगाच्या हातात आहे. धरणातून कधी किती सोडायचं, हे राज्याराज्यांच्या हातात. पण ओत बुजवायचे की मोकळे ठेवायचे, हे आपल्या गावात, आपल्या सह्यांनी ठरतं. वडनेरे समितीच्या २०२० च्या अहवालानेही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. हवामानबदल म्हटलं की आपल्याला उत्तर ध्रुव आठवतो. माझ्या बाबतीत तो आमच्या घराच्या जोत्यापर्यंत येऊन थांबला होता.

मग आपण लक्ष का देत नाही? माझं उत्तर सोपं होतं, वेळ नाही. हिंजवडीला जाऊन-येऊन तीन तास, दिवसाचं काम, रात्री दहाला अमेरिकेचा कॉल. २०२३ मध्ये नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हणाले, तेव्हा ऑफिसात खूप विनोद झाले. मी हसले नाही, कारण प्रवास धरला तर माझे तेवढे होतच होते. त्यात आईबाबांना वेळ नव्हता, तर वॉर्डाला कुठून असणार? कामाचे तास हा मला आधी घरगुती प्रश्न वाटायचा. आता तो राजकीय वाटतो. दमलेला माणूस फक्त भांडू शकतो, चौकशी करू शकत नाही.

मी नोकरी सोडली नाही, चळवळीत गेले नाही. महिन्यातला पहिला शनिवार सकाळी दोन तास राखून ठेवला, एवढंच. पुण्यात आमच्या सोसायटीमागच्या नाल्याचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागितला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. अठ्ठाविसाव्या दिवशी नकाशा आला. नाला कागदावर जेवढा रुंद होता, तेवढा जागेवर नव्हता. त्यावर तीन पत्रं दिली. एकदा गाळ काढला गेला, भिंत अजून तशीच आहे. पण आमच्या इमारतीतली सात घरं आता त्या नाल्याबद्दल बोलतात. परवा मत मागायला आलेल्या चौघांनाही त्यांनी तेच विचारलं.

आता आपल्या तुकडीकडून दोन गोष्टी मागते. आपल्यातले निम्मे पुणे, बेंगळुरू, अमेरिकेत आहोत आणि आईवडील इथे एकटे आहेत. येत्या जूनच्या आधी त्यांची एक यादी करू. कोण कुठे राहतं, कोणत्या मजल्यावर, औषधं कोणती, आणि पाणी वाढलं तर गावातलं कोण त्यांच्याकडे जाणार. दुसरं, २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आपापल्या घरात पाणी कुठवर आलं, ते भिंतीवर रंगाने लिहू आणि सगळ्या खुणा एका नकाशावर आणू. नकाशाचं काम मी करते, मला तेवढंच येतं. तो घेऊन नव्या नगरसेवकांना भेटू. ते कोणत्याही पक्षाचे असोत.

आमच्या घराच्या जिन्यावर बाबांनी २०१९ ची खूण स्वतः रंगवली होती. ते गेल्या वर्षी गेले. परवा मी ती पुसट झालेली रेघ पुन्हा रंगवली. रंगाचा डबा अर्धा उरला आहे, गाडीत ठेवलाय. जेवण झाल्यावर ज्याला हवा असेल, त्याने घेऊन जावा.