लाल विंचू आणि बिरवाडीचे केसपेपर
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज भावावर बोलायचे नाही, कर्जावर नाही, विजेच्या बिलावरही नाही. आज विंचवावर बोलायचे आहे. काहींना हसू आले, येऊ द्या. नाथांच्या भारुडातल्या विंचवावर आपण पिढ्यान् पिढ्या डोलत आलो. पण कोकणात, मराठवाड्यात ज्या घरातले पोर लाल विंचवाने नेले, त्या घरात ते भारूड कोणी म्हणत नाही.

विंचू राहतो लाकडाच्या मोळीत, गोवऱ्यांच्या ढिगात, कौलांच्या खाली, विटांच्या थप्पीत, बांधाच्या दगडांत. तिथे हात घालणारा माणूस आपलाच असतो. काळी इंगळी दिसायला भयंकर. ती डसली तर माणूस रात्रभर ओरडतो, पण सहसा जिवानिशी जात नाही. लाल विंचू दिसायला किरकोळ, आणि खरा घातकी तोच.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर आले. हिंमतराव बावस्कर त्यांचे नाव. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरातले. विंचू चावलेली धडधाकट माणसे त्यांच्याकडे येत. उलट्या, अंगाला घामाच्या धारा, तोंडातून लाळ, हातपाय बर्फासारखे गार. काही तासांत श्वास लागे, तोंडाला फेस येई आणि माणूस जाई. त्या वेळी रिवाजाने जी औषधे देत, त्यांनी रोगी वाचत नव्हते. पुस्तकात उत्तर नव्हते.

मग त्यांनी काय केले? प्रयोगशाळा मागितली नाही; मागून मिळालीही नसती. रोग्याच्या उशाशी बसले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुरू झाला, श्वास कधी लागला, हे घड्याळ लावून केसपेपरवर लिहीत गेले. एका रोग्यावरून काही कळत नाही. अनेकांचे कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा क्रम दिसला : कोण बिघडणार, हे फेस येण्याच्या कितीतरी आधी अंग सांगत असते. ही लक्षणे त्यांनी १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली. तालुक्याच्या केंद्रातले केसपेपर जगभरच्या डॉक्टरांनी वाचले.

आत घडते काय, ते आपल्या भाषेत सांगतो. मोटर पूर्ण वेगाने चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कोणीतरी आवळत नेतो आहे. दाब चढतो, मोटर तापते, पाणी मागे तुंबते. लाल विंचवाचे विष नसांना असे चेतवते की शरीरातली उत्तेजक द्रव्ये एकदम रक्तात सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध धापा टाकते आणि फुप्फुसात पाणी भरते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

दुखणे असे असेल तर उपाय व्हॉल्व्ह सैल करण्याचा. आधी सलाइनमधून एक औषध देऊन पाहिले. उपयोग झाला, पण त्यावर क्षणाक्षणाला डोळा ठेवावा लागतो. खेड्यात ते कसे जमणार? मग प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी तिचे अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच छापले. या दांपत्याच्या नोंदींनुसार, पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण शंभरात एखाद्यावर आले.

आणखी एक गोष्ट आम्हाला मोठी वाटते. ज्या गोळीने नाव झाले, ती एकटी पुरेशी आहे का, हे त्यांनी स्वतःच तपासले. विंचवाच्या विषावरची लस आली होती. महाडच्या त्यांच्या दवाखान्यात सत्तर रोग्यांचे दोन सारखे गट केले. कोण कुठल्या गटात हे योगायोगावर सोडले. गोळी सगळ्यांनाच दिली, म्हणजे उपचारावाचून कोणी राहिला नाही. एका गटाला गोळीबरोबर लसही दिली. दहा तासांनी लसवाल्या पस्तिसांपैकी बत्तीस पूर्ण बरे होते, नुसत्या गोळीवाल्या पस्तिसांपैकी आठ. हे २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. आपल्याच बियाण्याच्या शेजारी दुसरे बियाणे पेरून उतारा जाहीर करणारी कंपनी आम्ही अजून पाहिली नाही. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. मिळाली ते बरेच झाले.

आता आपल्या घरचे. मांत्रिकाकडे विंचू उतरतो, असे पुष्कळजण शपथेवर सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. बहुतेक दंशांत विष थोडे असते, वेदना आपोआप ओसरते, श्रेय मंत्राला जाते. पण विष अंगात भिनलेल्या काहींना दंशाच्या जागी फारसे दुखतच नाही. म्हणजे पोर रडायचे थांबले, मांत्रिक म्हणाला उतरला, आणि आत मोटर तापते आहे! तेव्हा दुखण्यावर जाऊ नका. घाम, उलटी, गार हातपाय पाहा. मुलग्यांत व पुरुषांत लिंग ताठरते, हेही लक्षण आहे. मायबहिणींसमोर हे मुद्दाम बोलतो, कारण लहान पोराचे कपडे बदलणाऱ्या आईलाच ते आधी दिसते आणि लाजेने डॉक्टरला सांगायचे राहते.

यातले काहीही दिसले की वाट पाहायची नाही. दंशाची जागा कापू नका, दोरी आवळू नका. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा आणि केंद्रात गेल्यावर पहिले वाक्य तेच बोला. आणि गोळी स्वस्त आहे म्हणून घरी आणून स्वतःच्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, उभा राहिलेला माणूस कोसळतो. ती डॉक्टरच्या नजरेखाली, आडवे झोपवून द्यायची असते.

आमच्या ऐकण्यात अशी केंद्रे आहेत, जिथे रात्री कुलूप असते, किंवा डॉक्टर आहे पण गोळी नाही. म्हणून प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीपर्यंत चौकशी करून यायचे : आपल्या केंद्रात प्राझोसिन आहे का, लस आहे का, तिची मुदत कधी संपते, रात्री कोण हजर असते, गाडी कुठून मिळते. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. अर्जाचे कोरे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना आपल्या गावचा घेऊन जा.