दप्तरातील रिकामी जागा
(व्याख्यान)



रोगनिदानात नाडीपरीक्षेइतकेच महत्त्व पूर्वनोंदींनाही आहे. याचे उदाहरण खडेबाजाराच्या रहिवाशास दूर शोधावयास नको. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने २००८ पासून जिल्ह्यातील गरोदर स्त्रिया, त्यांची प्रसूती व नवजात अर्भके यांची पद्धतशीर नोंद होऊ लागली. नागपूर भागातही असेच कार्य झाले.

असे अफाट दप्तर एका वैद्याने वाचून लक्षात ठेवणे अशक्यच. संगणकास मात्र जुन्या नोंदींवरून पुढील संभव वर्तविण्यास शिकविता येते; यासच यंत्रशिक्षण म्हणतात. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापिलेली ‘अरमान’ ही संस्था ‘एममित्र’ योजनेतून गरोदर स्त्रियांना व मातांना फोनवरून ध्वनिमुद्रित आरोग्यसंदेश ऐकविते. पुष्कळजणी काही आठवड्यांनी ते ऐकणे सोडून देतात, आणि प्रत्येकीशी स्वतः बोलण्याइतके कार्यकर्ते नसतात. २०२१ साली प्रा. मिलिंद तांबे व गूगलमधील संशोधक यांच्या साहाय्याने सुमारे २३,००० स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. ज्या गटात कोणास फोन करावा हे संगणकाने सुचविले, त्यात श्रवणातील घट सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. संगणकाने केवळ नावे निवडली. धीर देणारा शब्द माणसाचाच होता.

तथापि सीमाभागात एक सावधगिरी अवश्य आहे. निपाणीस नांदणारी सून पहिल्या बाळंतपणासाठी गडहिंग्लजला माहेरी जाते. तिचे तायी कार्ड कर्नाटकातील, प्रसूती महाराष्ट्रातील. एक नोंद कन्नडमध्ये, दुसरी मराठीत. दोन्ही दप्तरे जुळली नाहीत, तर अलीकडे उरते ती रिकामी जागा. यंत्र तिचा अर्थ निष्काळजीपणा असा लावील, किंवा तिची रक्तदाबाची जुनी तक्रार पलीकडच्या वैद्यास कळणारच नाही. स्थलांतरित घराण्याचे नाव वहीत राहून गेले, म्हणून ते महाजन नव्हे असे कोणी म्हणत नाही. तोच विवेक येथेही हवा.

म्हणून मुलगी माहेरी निघताना ओटीबरोबर तिची तपासणीची कागदपत्रेही द्यावीत, आणि परतताना प्रसूतीची नोंद सासरच्या आरोग्यसेविकेस दाखवावी. ही माहिती तिच्या संमतीनेच वापरली जावी, असाही आग्रह कुटुंबाने धरावा. यंत्राचे शहाणपण शेवटी घराघरांतील या दक्षतेवरच अवलंबून आहे.