शब्द ऐकू आले पाहिजेत



आपल्या बचत गटांत पेटी वाजवून गाणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कुणी भजन म्हणतं, कुणी आजीच्या ओव्या पेटीवर म्हणतं. फोनवर गाणं भरून रेडिओला पाठवणंही आता सोपं झालंय. पण ऐकताना पुष्कळदा पेटीच पुढे येते आणि शब्द बुडतात. भजनाचे शब्द पुस्तकात सापडतील. ओवी मात्र म्हणणारीच्या तोंडीच असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. आपल्या घरातल्या आपणच राखायच्या.

म्हणून आम्ही गटात एक नियम धरलाय: फोन तोंडाजवळ, पेटी लांब.

फोन पेटीवर कधीच ठेवू नका. भात्याची धडधड आणि पट्ट्यांची खटखट त्यात शिरते. शेजारी स्टुलावर डबे रचून फोन तोंडाच्या उंचीला आणा. तोंडापासून एक वीत अंतर ठेवा. बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ती कड तोंडाकडे करा. फोन अगदी समोर नको, जरा बाजूला हवा. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वास माइकवर आदळतो आणि फट् असा आवाज येतो.

पेटीखाली गोधडीची घडी घाला. वरचं झाकण लावूनच वाजवा. पुढच्या सगळ्या खुंट्या ओढू नका. एका सुराची पुरते. भाता हलक्या हाताने चालवा. पेटी मोठी वाजली की आपणही ओरडून गातो, मग गळाही बसतो आणि शब्दही फाटतात.

आता खोली. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. धान्याची पोती, अंथरुणं असलेली खोली निवडा. गाणारीच्या पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद, फोन फ्लाइट मोडवर. पत्र्याचं घर असेल तर पावसात भरूच नका.

आधी दोन ओळी भरून इअरफोनने ऐका. शब्द कळला नाही तर फोन आणखी जवळ घ्या, पेटी आणखी हळू वाजवा. दोन फोन असतील तर एक तोंडाशी, एक पेटीपाशी ठेवा. दोन्ही सुरू करून एकदा टाळी वाजवा. त्या टाळीवरून रेडिओवाल्यांना दोन्ही आवाज जुळवता येतात.

म्हातारीची ओवी भरायची असेल, तर आधी पेटीशिवाय एकदा भरून घ्या. तिच्या सुराला पेटीच्या पट्टीत बसायची सक्ती नको. सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. रेडिओवर लावू का, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का, हे तिला विचारा. ती नको म्हणाली तर घरातच ठेवा. पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आवाज जसाच्या तसा पोचतो.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने एक तरी ओवी भरून आणायची. सासूबाईंची, आईची, शेजारच्या काकूंची, कुणाचीही चालेल. बैठकीत सगळ्या मिळून ऐकू. एकही शब्द अडला नाही, तर काम झालं म्हणायचं.